रोप ॲक्सेससाठी असेंडर-डिसेंडर : निवडताना आधी काय बघता?

कातळवाट

नमस्कार. आठ वर्षं कातळावर चढतोय, लीडही करतो (सगळ्यात पुढे चढतो). आता रोप ॲक्सेस, म्हणजे रोपवर लटकून उंचावर करायच्या कामात शिरायचं ठरवलंय आणि पहिल्या लेव्हलचं प्रशिक्षण तोंडावर आलंय. काम मुख्यतः इमारतींच्या बाहेरून, ११ मिमीच्या स्टॅटिक (फारसा न ताणणाऱ्या) रोपवर. उतराई बहुतेक वेळा ३०-४० मीटर, कधी ७०.

माझ्याकडे उजव्या हाताचा एक जुमार (रोपवर चढायचं, दातांनी धरणारं असेंडर), फिगर ऑफ एट (उतरायची आठच्या आकाराची कडी) आणि ग्रिग्री आहे. यावर भागेल असं वाटत होतं. पण माहिती काढायला बसलो तर आयडी, रिग, स्टॉप, डी४ हे उतरायचे डिसेंडर, छातीवरचा क्रोल आणि पायावरची पँटिन ही चढायची साधनं... डोकं भणाणलं. प्रत्येकाच्या पानावर नुसते फायदेच लिहिलेले. ज्यांनी ही साधनं दिवस-दिवस वापरली आहेत त्यांच्याकडून ऐकायचंय. तुम्ही निवडताना सगळ्यात आधी काय बघता?

उंचावर

सगळ्यात आधी रोप बघतो. डिव्हाइस नंतर.

सुरुवातीच्या वर्षांत एकदा माझ्या हातात १० मिमीचा कोरा रोप आला आणि हार्नेसला होता तो डिसेंडर १०.५ मिमीपासून पुढच्या रोपसाठी बनवलेला. अर्ध्या मिमीने काय बिघडतंय म्हणून खाली उतरलो, हँडल सोडलं, दोन्ही हात मोकळे केले आणि बोल्ट आवळायला घेतला. थोड्या वेळाने बघतो तर छातीसमोरचा बोल्ट कपाळाच्या वर गेलेला. डिव्हाइस सरकत होतं. आवाज नाही, झटका नाही, बोट-बोटभर. दुसऱ्या रोपवर बॅकअप होता म्हणून जिवावरचं काही नव्हतं, पण उरलेलं काम मी रोपची शेपटी डिव्हाइसवर बांधून केलं. हँडल सोडलं म्हणजे थांबलो, हे गृहीत धरण्याची सवय त्या दिवशी गेली.

प्रत्येक डिव्हाइसवर रोपच्या जाडीची मर्यादा कोरलेली असते. आयडी एस १० ते ११.५ मिमी, डी४ १०.५ ते ११.५. आता गंमत बघा, ईएन १८९१ या रोपच्या युरोपीय मानकाच्या ए प्रकारात ८.५ ते १६ मिमीपर्यंतचे रोप बसतात. म्हणजे 'स्टॅटिक रोप आहे' एवढ्यावरून डिव्हाइसबद्दल काहीच ठरत नाही. शिवाय ११ मिमीचा रोप आयुष्यभर ११ चा राहत नाही. कोरा असतो तेव्हा गुळगुळीत, सरसर पळतो. चार धुण्यांनंतर आखडतो, फुगतो, कडक होतो, आणि तोच डिसेंडर ओढल्याशिवाय खाली जायला तयार होत नाही. म्हणून तुमचा रोप मर्यादेच्या मध्याजवळ पडेल असं डिव्हाइस घ्या. काठावरचं नको.

दुसरी गोष्ट म्हणजे डिव्हाइसवरचा ईएन १२८४१ चा (रोप ॲक्सेसच्या साधनांच्या मानकाचा) शिक्का आणि पुढचं अक्षर. ए म्हणजे सेफ्टी रोपवरचं बॅकअप, बी म्हणजे कामाच्या रोपवर चढायचं, सी म्हणजे उतरायचं. रोप ॲक्सेसमध्ये दोन रोप, दोन वेगळे अँकर. बी आणि सी एका रोपवर, ए दुसऱ्यावर. तुमच्या यादीत ए प्रकारातलं काहीच दिसत नाही, त्याबद्दल तुम्ही विचारलंही नाहीत. नव्या माणसाचं लक्ष चढण्या-उतरण्याकडे असतं हे समजतं, पण खरेदीची सुरुवात तिथून करा.

गाठ_पक्की

उंचावर यांच्याशी सहमत, पण ग्रिग्रीला मोडीत काढू नका. मी कातळावर बोल्ट मारायची, फोटो काढायची कामं गेली कित्येक वर्षं ग्रिग्री आणि एका जुमारवर करतोय. हलकी आहे, हाताला सवयीची आहे, ८.५ ते ११ मिमी चालते. ७० मीटर उतरायला काय अडचण?

उंचावर

गाठ_पक्की, तुमचं काम वेगळं. ग्रिग्री ईएन १५१५१-१ मध्ये येते. मुळात साथीदाराला बिले देण्यासाठीचं, म्हणजे चढणाऱ्याचा रोप खालून धरण्यासाठीचं साधन. तुम्ही स्वतः लटकता, एकटे असता, तासाभरात उतरता. रोप ॲक्सेसचा माणूस त्यावर सहा-सहा तास बसतो, कमरेला ड्रिल आणि बादली असते, आणि वेळ आली तर त्याच डिव्हाइसवर जायबंदी सहकाऱ्याला घेऊन खाली यायचं असतं. डी४ ची मर्यादा २४० किलो आहे ती त्यासाठीच. आणि ग्रिग्रीचं हँडल घाबरून पूर्ण ओढलं तर ती पूर्ण उघडते. ग्रिग्री प्लसमध्ये अँटी-पॅनिक (जास्त ओढलं तर अडकण्याची सोय) आहे, साध्या ग्रिग्रीत नाही.

फिगर ऑफ एटबद्दल वेगळं सांगायला नको. सोडला की गेला, रोपला पीळ घालतो, आणि अडकवायचा-काढायचा तर कॅराबिनरमधून सोडवावा लागतो. खाली कोणाच्या डोक्यावर पडला तर?

साखळदोर

मी प्रशिक्षण देते, म्हणून अँटी-पॅनिकवर जरा सविस्तर लिहिते. कातळवाट, तुमचा पुढचा गोंधळ तिथेच होणार आहे.

माणूस घाबरला की मूठ आवळतो. हे शिकवून जात नाही. पडताना जे हातात असेल ते घट्ट धरायचं, हे शरीर स्वतःच करतं. जुन्या पद्धतीच्या स्टॉपमध्ये हँडल दाबलं की उतरायचं आणि सोडलं की थांबायचं. वर्गात हे ऐकायला फार सोपं वाटतं. पण वेग वाढला, माणूस दचकला, मूठ आवळली गेली की डिव्हाइस आणखी उघडतं. मी एका मुलाला सरावाच्या भिंतीवर, जेमतेम चार मीटरवरून, असं खाली येताना पाहिलं आहे. बॅकअपने धरलं. खाली आल्यावरही त्याची बोटं हँडलवरच वळलेली होती, मी एकेक करून सोडवली. तो म्हणाला, "मी सोडलं होतं ना?" त्याला खरोखर तसं वाटत होतं.

आयडी, डी४ यांसारख्या डिव्हाइसमध्ये हँडल एका मर्यादेपलीकडे ओढलं की ते पुन्हा अडकतं. म्हणजे आवळलेली मूठच ब्रेक लावते. सुरुवातीला सगळे वैतागतात, कारण उतरत्या छपरावर किंवा कडेवरून बाहेर पडताना, जिथे अंगाचं पूर्ण वजन रोपवर नसतं, तिथे ते सारखं अडकत राहतं. आयडीला त्यासाठी वेगळं बटण आहे. रिगमध्ये अँटी-पॅनिक नाही, ते आटोपशीर आहे, चढता-चढता रोप ओढून घेणं त्यात सोपं जातं, आणि कसलेल्या हातात सुंदर चालतं. पण पहिलं डिव्हाइस म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना रिग घेऊ देत नाही. वर्षभर अँटी-पॅनिकवर वैताग काढा, मग ठरवा.

आणखी एक. आयडीत रोप उलटा घातला तर अडवणारी एक खिटी असते. तिच्यावर विसंबू नका. कुठलंही डिव्हाइस असो, कडेच्या आत सुरक्षित उभे असताना त्यात रोप भरा, वजन टाका, हँडल सोडून बसून बघा आणि मगच बाहेर पडा. दहा सेकंदही लागत नाहीत.

गाठ_पक्की

साखळदोर ताई, मुद्दा पटला. माझ्या कामातही कधीकधी ड्रिल घेऊन तासन्‌तास बसणं होतं, आणि मांडीभोवती गुंडाळलेला रोप हेच माझं 'लॉक' असतं. त्यावर पुन्हा विचार करतो.

गुहाप्रेमी

गुहांमधल्या उभ्या उतराया करणारा आहे, दोन गोष्टी जोडतो.

७० मीटरचा उल्लेख आला आहे. ११ मिमीचा रोप मीटरला साधारण ७५-८० ग्रॅम भरतो. म्हणजे वरच्या टोकाला असताना तुमच्या डिसेंडरखाली साडेपाच किलोच्या आसपास रोप लोंबतोय. हे वजन खालून ब्रेक धरल्यासारखंच काम करतं. त्यामुळे वर डिव्हाइस जड जातं, हाताने रोप भरवावा लागतो, आणि जसजसे खाली येता तसतसं ते वजन संपत जाऊन वेग आपोआप वाढतो. वरच्या पाच मीटरवरून 'हे डिव्हाइस हळू आहे' असा निष्कर्ष काढू नका. आम्ही शंभर-दोनशे मीटरच्या सरळ उतराईला रॅक (आडव्या दांड्यांचा डिसेंडर) वापरतो तो याचसाठी. दांड्या कमी-जास्त करून घर्षण वाटेत बदलता येतं. पण रॅक आपोआप थांबत नाही, तेव्हा तुमच्या कामाला तो नको.

दुसरं, चढणं. एकट्या हँडलवाल्या जुमारवर लांब चढाई होत नाही. छातीवर क्रोल, हातात जुमार, त्याला पायाची पट्टी. पँटिन ही चैन आहे, पण ४० मीटर चढायचे असतील तर उजव्या पायाला ती असल्याचं सुख वेगळंच. फक्त ती आधाराचं साधन नाही हे ध्यानात असू द्या.

कातळवाट

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. ए प्रकाराचं खरंच डोक्यात नव्हतं. तीन शंका :

१. डिसेंडर आणि जुमार जोडून चढता येतं असं ऐकलंय. मग क्रोल कशाला?
२. कामाच्या रोपवरून पडलोच तर जुमार सेफ्टीला चालणार नाही का? दात घट्ट धरतात की.
३. ७० मीटर एका दमात उतरलो तर डिव्हाइस तापतं म्हणतात. कितपत?

साखळदोर

पहिल्याचं उत्तर. तीन-चार मीटर वर सरकायचं असेल, थोडं वर काम राहिलं म्हणून, तर डिसेंडर हार्नेसवरच ठेवून वर जुमार लावायचा, त्याला पायाची पट्टी. उभं राहायचं आणि डिसेंडरमधून रोप ओढून घ्यायचा. जुमारला पुली लावून शेपटी त्यातून फिरवली तर ओढणं आणखी हलकं होतं. मोठा फायदा हा की काम संपलं की जुमार काढला, बसलात, उतरलात. बदलाबदली नाही. पण डिसेंडरमध्ये घर्षण असतं, आणि दहा मीटरनंतर दंड भरून येतात. लांब चढाईला क्रोलच. तिथे उतरायची वेळ आली की मात्र सगळी बदलाबदली हवेत करावी लागते. क्रोलच्या खाली डिसेंडर भरा, लॉक करा, पायाच्या पट्टीवर उभे राहा, क्रोलचा कॅम (रोप धरणारा दातांचा भाग) उघडा, डिसेंडरवर बसा, मग जुमार काढा.

इथेच नवखे अडकतात. वजन असताना कॅम उघडत नाही. आधी थोडं वर सरकवून दात मोकळे करावे लागतात. आणि जुमारच्या पट्टीचं माप चुकलं असेल तर तो वर हाताच्या पल्ल्याबाहेर जाऊन बसतो, तुम्ही खाली क्रोलवर लटकत त्याच्याकडे बघत राहता. म्हणून माप जमिनीपासून हातभर वर घ्या. हार्नेसवर पूर्ण बसल्यावर जुमार कोपर किंचित वाकवून हाताशी यायला हवा. आणि पायाच्या पट्टीवर सरळ उभे राहिलात की क्रोल जुमारच्या अगदी बुडाशी यायला हवा. चार बोटं अंतर राहिलं तर प्रत्येक पावलाला चार बोटं वाया. शंभर पावलांनी किती होतं ते तुम्हीच मोजा. क्रोल छातीवर सैल असेल तरी हेच होतं, खांद्याचा पट्टा अंग ताणून उभं राहून आवळा.

जुमार उजव्या हाताचा आहे म्हणालात. डाव्या हाताने ड्रिल धरणारे असाल तर ठीक. पण घेण्याआधी हातमोजे घालून कॅमची खिटी एका अंगठ्याने उघडते का ते नक्की बघा. दुकानात उघड्या हाताने सगळेच जुमार उघडतात.

तपासनीस

दुसऱ्या शंकेला स्पष्ट उत्तर : नाही. दाताचा जुमार पडणं अडवण्यासाठी नाही.

१०० किलोचा माणूस शांत लटकला तर रोपवर जेमतेम १ किलोन्यूटन येतो. दाताच्या कॅमखाली साधारण ४ ते ६ किलोन्यूटनला रोपचं आवरण फाटायला लागतं. स्टॅटिक रोपवर अंतर ठेवून पडलात तर हा आकडा दूर नाही. जुमार रोपला 'सोडत' नाही, आवरण सोलून गाभ्यावरून खाली घेऊन येतो. माझ्याकडे तपासणीला आलेल्या एका रोपचं आवरण पायमोजा उतरावा तसं वीतभर खाली गोळा झालं होतं आणि वर पांढरा गाभा उघडा. वापरणारा सुखरूप होता. तो म्हणाला, फक्त मीटरभर सैल होतं. मीटरभर पुरतं.

म्हणून जुमारच्या वर कधी चढायचं नाही, आणि जुमार व हार्नेसमधली पट्टी सैल पडू द्यायची नाही. तिरक्या रोपवर जुमार वापरत असाल तर वरच्या भोकात कॅराबिनर घालून त्यात रोपही घ्या, म्हणजे रोप कॅममधून बाजूला निसटत नाही.

सेफ्टी रोपवर असॅपसारखं, आपोआप मागे येणारं आणि वेग वाढला की चाक अडकून थांबणारं साधन घ्या, त्याच्यासाठीच्या, झटका झेलणाऱ्या शॉक ॲब्झॉर्बरसकट. पूर्वी शंट या बॅकअपच्या साधनाला दोरी बांधून ओढत नेण्याची पद्धत होती. अडचण तीच, जी ताईंनी वर स्टॉपबद्दल सांगितली. पडताना माणूस ती दोरी सोडत नाही, आणि धरलेला शंट अडकत नाही. जुनी मंडळी अजून शंटची तरफदारी करतात. मी वाद घालत नाही, पण माझ्या सहीने तो बॅकअप म्हणून साइटवर जात नाही.

उंचावर

तिसऱ्याचं उत्तर आकड्यांत देतो. माणूस आणि सामान मिळून १०० किलो, उतराई ७० मीटर. जवळपास ६९ किलोज्यूल ऊर्जा घर्षणात जाते. डिसेंडर अर्धा किलो ॲल्युमिनियमचा धरला आणि सगळी उष्णता त्यातच राहिली, तर तापमान दीडशे अंशांनी चढेल. प्रत्यक्षात रोप आणि हवा बराच वाटा उचलतात, म्हणून इतकं होत नाही. पण किती वाटा उचलतात हे तुमच्या वेगावर आहे. सावकाश आलात तर डिव्हाइस कोमट लागतं. सुसाट येऊन गच्चकन थांबलात तर तापलेला धातू रोपच्या एकाच जागेवर टेकून राहतो. नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं, पण आवरणाला चकाकी त्याच्या बरीच आधी येते. हाताने रोप चाचपताना कडक, काचेसारखा गुळगुळीत पट्टा लागला तर तो याचाच. आणि डायनीमा या धाग्याच्या स्लिंग (जोडायच्या पट्ट्या) १५० अंशांच्या आसपासच वितळतात. खाली पोचल्यावर तापलेलं डिव्हाइस त्यांच्यावर टेकवून ठेवू नका.

ईएन १२८४१ च्या सी प्रकारात वेगाची वरची मर्यादा सेकंदाला २ मीटर आहे. मी त्याच्या पाव वेगाने येतो. ७० मीटरला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात, लागू देत.

गुहाप्रेमी

एक राहिलं. चिखल, सिमेंट, रंग. दाताच्या कॅममध्ये मधोमध खाच असते ती चिखल बाहेर पडण्यासाठी. आमच्याकडे ती एका चढाईत भरते. दात भरले की जुमार धरता-धरता सटकतो. सोबत जुना टूथब्रश ठेवा.

तपासनीस

अगदी बरोबर. इमारतींवर रंग जास्त वाईट. कॅमच्या स्प्रिंगमध्ये वाळतो आणि कॅम अर्धवट मिटतो. बघताना मिटल्यासारखा दिसतो! कोमट पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, तेलाचा थेंब फक्त कॅमच्या खिळीला द्या. रोप जिथे टेकतो तिथे तेल नको.

घेतानाच पुढचाही विचार करा. डिसेंडरचा आतला भाग, ज्यावरून रोप वळतो, तो झिजतो. तो पोलादी आहे की ॲल्युमिनियमचा, झीज दाखवणारी खूण आहे का, ते विचारा. वाळू लागलेला रोप ॲल्युमिनियम कानशीसारखा खातो आणि कडेला धार येते. नखाने चाचपा, धार लागली तर डिव्हाइस बाद. वर्षातून एकदा तरी जाणकार माणसाकडून नोंदीसकट तपासणी हवीच, पण रोजची तपासणी तुमच्याच बोटांची. आणि कोणाचं वापरलेलं, इतिहास माहीत नसलेलं डिव्हाइस कितीही चांगलं दिसलं तरी घेऊ नका.

कातळवाट

दहा दिवसांनी परत आलो. वर सांगितल्याप्रमाणे आधी रोप ठरवला : कामावर मिळणार आहे तोच, ११ मिमी, दोनदा धुतलेला. त्याचा पाच मीटरचा तुकडा मागून घेतला आणि प्रशिक्षण केंद्रात त्यावर आयडी, डी४ आणि रिग तिन्ही लावून बघितले. रिग सगळ्यात गोड चालला, खोटं कशाला बोलू. पण साखळदोर ताईंचा तो मुलगा डोळ्यांसमोर होता. डी४ घेतला. बॅकअप आणि ॲब्झॉर्बर त्याच्याही आधी घेतले. क्रोल नवा, जुमार माझा जुनाच.

जुना जुमार तपासून घेतला तर कॅम ठीक आहे. पण पायाच्या पट्टीचं माप चांगलं पाच बोटं चुकलेलं निघालं. आठ वर्षं तसाच चढत होतो.

एक शेवटची शंका. पट्टी हार्नेसवर बसून मापली तेव्हा बरोबर आली, पण कामाचे जाड बूट घातल्यावर पुन्हा फरक पडला. बुटांसकट मापायची का?

साखळदोर

हो. बूट, हातमोजे, हेल्मेट, कमरेला ड्रिल, सगळं अंगावर घेऊन मापा. आणि पट्टीला बकल असलेली घ्या, पावसाळी बूट वेगळे असतात.